पंचावन्नाव्या स्तोत्रातला हात

शनिवारी दुपारी सलोमी चक्कीवरून पीठ घेऊन घरी आली, तर पत्र्याच्या पेटीमागे लाल चिंधी बांधलेली कागदाची सुरळी जशीच्या तशी उभी होती. जायला हवी होती ती जागेवर, आणि कुणाच्याही नजरेला पडायला नको होती ती गायब. डोक्यावरचा पिठाचा डबा तिने कसा उतरवला हे तिचं तिलाच कळलं नाही.

“आई, पाळकसाहेब येऊन गेले काय?”

“गेले ना. फटफटीवर आले, पानी पेले, सुरळी घेऊन गेले.” सासू, रुखमाबाई, ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“कोणती देली?”

“तिथं होती ते देली.”

“लाल चिंधीवाली द्या म्हणून सांगतलं होतं ना मी तुमाले!”

“सांगतलं अशीन. माह्या कायचं ध्यानात राह्यते आता.”

सलोमी तिथेच पेटीवर बसली.

हे सुरळ्यांचं प्रकरण आधी सांगितलं पाहिजे. मेडशीच्या टिनाच्या छोट्या चर्चमध्ये मोहोड पाळक नवेच आले होते, आणि उत्साही होते. नव्या पाळकाच्या उत्साहापासून देवानेच मंडळीला वाचवावं. अमरावतीच्या एका शिबिरात त्यांनी बायबलमधल्या स्तोत्रांची कॉमिकं पाहिली, चौकटी-चौकटींतून काढलेली, आणि परत आले ते ध्यास घेऊनच. म्हणाले, आपल्यात कितीतरी जणांना वाचता येत नाही, त्यांनी स्तोत्र काय फक्त ऐकायचं? त्यांनी ते बघावं. टाळी वाजवणं उपासना होते, मग त्याच हाताने रेघ ओढणं का नाही?

नियम असा ठरला की एका घराने एक स्तोत्र निवडायचं आणि एका मोठ्या कागदावर सहा चौकटींत ते काढायचं. रविवारी सगळे कागद चर्चमध्ये दोरीवर टांगायचे, त्यांवर पडदा घालायचा, आणि ज्याची पाळी येईल त्या घरच्या कुटुंबप्रमुखाने पडदा सारून चित्रातल्या गोष्टीची साक्ष द्यायची. काढणार बायका आणि बोलणार पुरुष, या वाटणीचं मेडशीत कुणालाच नवल वाटलं नाही.

गाव कामाला लागलं. गावात मेंढ्या नाहीत, बकऱ्या आहेत, म्हणून मेंढपाळाच्या स्तोत्रातल्या सगळ्या मेंढ्यांना दाढ्या आल्या. मारोतरावच्या घरी वैऱ्यांचं स्तोत्र होतं. वैरी कसा काढायचा यावर त्यांच्याकडे बरीच भांडणं झाली आणि शेवटी तुरीत घुसलेली रानडुकरं काढून त्यांनी तंटा मिटवला.

सलोमीचा हात मात्र खरा चित्रकाराचा होता. शाळेत ती ड्रॉइंगच्या एलिमेंटरी परीक्षेला बसली होती, पासही झाली होती, आणि मग लग्न झालं. तिला मनाने काही काढता येत नसे. पाहिलेलं असेल तेच कागदावर उतरायचं, पण उतरायचं ते असं की बघणाऱ्याने जागच्या जागी ओळखावं. तिने घरासाठी मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र काढलं. छान काढलं, हिरवळ, तळं, बकऱ्या सगळं होतं. त्या कागदाला तिने लाल चिंधी बांधली.

आणि मग उरलेल्या एका कागदावर, नवरा दुकानात गेलेला असताना, तिने स्वतःसाठी पंचावन्नावं काढलं.

त्या स्तोत्रात एक घाबरलेला माणूस बोलतो. त्याला पाखराचे पंख हवे असतात, म्हणजे दूर रानात उडून जाता येईल. तो म्हणतो की छळणारा परका असता तर मी लपलो असतो, पण हा तर माझा जिवाभावाचा, माझ्यासोबत देवाच्या घरी चालत जाणारा. हे वाचून सलोमीच्या अंगावर काटा आला होता. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला मेडशीतल्या तिच्या घरातलं कसं कळलं?

तिचा नवरा शांतवन. नाव ठेवणाऱ्याला काय ठाऊक होतं म्हणा. बस स्टँडजवळ त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. चर्चमध्ये तो पंच होता, गळा गोड होता, कुणाच्या विहिरीवरची मोटार जळाली तर जेवणावरून उठून जायचा. दर रविवारी दानाची थैली घेऊन रांगेरांगेतून फिरणारा हात त्याचाच. लहानपणी हडंब्यात, म्हणजे मळणीच्या यंत्रात, सापडलेलं करंगळीशेजारचं बोट आत वळून तसंच राहिलं होतं. थैलीत पैसे टाकणाऱ्या प्रत्येकाने ते वाकडं बोट जवळून पाहिलेलं होतं.

तो दारू पीत नव्हता. पीत असता तर लोकांना सांगणं सोपं गेलं असतं. तो आवाजही चढवत नसे. दार लावायचा, मोबाइलवर ख्रिस्ती गीतं मोठ्याने लावायचा, आणि मग हात उचलायचा. शेजारची अंजना एकदा कौतुकाने म्हणाली होती, “तुमच्या घरी लय भक्ती हाय बाप्पा!” मूल झालं नाही याची भरपाईही सलोमीच्याच पाठीवर व्हायची. मंगरुळपीरला भावाकडे ती दोनदा जाऊन आली. भावाने दोन्ही वेळा चहा पाजून परत आणून सोडली. असा देवमाणूस जावई कुठे मिळतो, असं त्याचं म्हणणं.

तर सलोमीने हे सगळं त्या कागदावर काढलं. तोंडाने तिला अशी प्रार्थना कधी करता आली नव्हती, कारण तोंडातून निघालेलं कुणी ना कुणी ऐकतं. रेघेला आवाज नसतो. काढताना ती रडली, पण घाबरली नाही. लग्नानंतर त्या घरात ती न घाबरता बसली असेल तर त्या दुपारीच.

आणि आता तो कागद चर्चमध्ये होता, उद्या शांतवन सगळ्या मंडळीसमोर त्याच्यावरचा पडदा सारणार होता.

तिने लाल चिंधीची सुरळी पदराखाली घेतली आणि चर्चकडे धावली. दाराला कुलूप होतं, लागून असलेल्या पाळकांच्या घरालाही. चर्चची किल्ली पंचाकडे असते. म्हणजे शांतवनकडे, त्याच्या मोटारसायकलच्या किल्लीसोबत. सलोमी कुलपाला हात लावून उभी राहिली. किल्ली कशाला पाहिजे, असं त्याने विचारलं तर काय सांगणार? ती आल्या पावली परत फिरली.

संध्याकाळी शांतवन हात धुऊन ताटावर बसला.

“देला काय कागद?”

“हो.”

“मेंढपाळाचंच काढलं ना? मी सारं पाठ करून ठेवलं. पहिल्या चौकटीले गवत, दुसऱ्याले पानी. मंग चूक नको पाहिजे त्याच्यात. समद्यायच्या समोर मले येडा करू नको.”

“नाही,” सलोमी म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. “काहून कापून राह्यली तू?”

“कसर हाय जराशी अंगात.”

त्याने मान डोलावली आणि भाकरी मोडली. सलोमी त्या बोटाकडे बघत राहिली. तिने ते काढलं होतं. चौथ्या चौकटीत नवरा-बायकोचं एकच ताट होतं आणि ताटात एक पुरुषी हात. तोंड काढायची तिची छातीच झाली नव्हती, म्हणून हातच काढला. पण तिला पाहिलेलंच काढता येतं. हात काढायला गेली तर बोटही उतरलं, जसं आहे तसं.

रविवारी ती सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये पोचली. पण उत्साही पाळक तिच्याही आधी उठलेले. कागद टांगून झाले होते, प्रत्येकावर जुन्या ओढणीचा पडदा होता, आणि पाळक स्टुलावर चढून दोरीच्या गाठी तपासत होते.

“जय ख्रिस्त, सलोमीताई! तुमचा कागद शेवटी ठेवलाय. तुमची चित्रकला सगळ्यांनाच माहीत आहे. गोड घास शेवटी.”

“पाळकसाहेब, आमचा कागद बदलाचा हाय.” तिने पदराखालची सुरळी पुढे केली. “चुकून दुसराच आला. हा खरा.”

पाळक हसले आणि स्टुलावरून उतरले. “मी एकही उघडून पाहिला नाही हं. मीसुद्धा आज मंडळीसोबतच बघणार. पण ताई, एकदा वेदीपुढे आलेलं अर्पण कुणी परत नेतं का? तुम्हाला चुकल्यासारखं वाटत असेल, देवाला नाही वाटणार.”

“साहेब, पाया पडते तुमच्या. बदलू द्या.”

“अहो, एवढं काय मनाला लावून घेता? लाजायचं नाही कलेला.” आणि ते मायक्रोफोनकडे वळले. भल्या माणसाला समोरच्याची भीती दिसत नाही, लाजच दिसते. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. तो आवाज ती झोपेतही ओळखायची.

उपासना सुरू झाली. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. रुखमाबाई सलोमीला खेटून बसली होती. शांतवनने गीत सुरू केलं. ते तेच होतं जे घरी दार लागल्यावर वाजायचं, आणि सलोमीचे खांदे आपोआप वर चढले. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

मग चित्रांची पाळी आली. दाढीवाल्या मेंढ्यांना लोक मनापासून हसले. मारोतराव आपल्या रानडुकरांपुढे उभा राहून वैऱ्यांपेक्षा वनखात्यावरच जास्त बोलला, आणि तरी आमेन मिळवून गेला. सलोमीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. उठून बाहेर पळावं असं तिला वाटत होतं, पण ती बसूनच राहिली. देवा, त्याला दिसू नको देऊस, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“आता आपले पंच, शांतवन भालेराव.”

तो उठला, शर्ट खाली ओढला, पुढे गेला आणि पडदा सारला.

वर मोठ्या अक्षरांत पंचावन्न लिहिलेलं होतं. शांतवन क्षणभर थांबला. त्याने वळून बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि सलोमीला त्या नजरेचा अर्थ पुरता कळला. मग तो माइककडे वळून हसला. बोलण्यात तो कधी अडत नसे.

“घरच्यायनं माझी परीक्षाच घेतली आज,” तो म्हणाला. लोक हसले. “पाठ केलं तेवीस अन समोर आलं पंचावन. पण वचन ते वचनच. ही पाहा पहिली चौकट. बाई चुलीपाशी बसली हाय, घाबरलेली. हे बाई म्हंजे कोन? आपली मंडळी. जगात मंडळी अशीच घाबरून राह्यते.”

“आमेन,” कुणीतरी म्हणालं.

“दुसरी चौकट. आपल्या मेडशीचा बस स्टँड, अन त्याच्या टिनावर पारवा. मंडळीले वाटते, उडून जावं. तिसरीत बंद दार. बाहेर गाव आपल्या कामाले लागलं, अन आतमंधी काय चालू हाय ते कोनालेच नाही माहीत. म्हंजे सैतान कसा लपून काम करते, पाहा.”

तो बोलत गेला आणि बोट एकेका चौकटीवरून सरकत गेलं. बायकांच्या बाजूला कुजबुज थांबली. काही जणींनी चौथी चौकट आधीच पाहिली होती.

“चवथी,” शांतवन म्हणाला, आणि त्याने हात त्या चौकटीवर ठेवला. “एकाच ताटात जेवनारा वैरी. हा हात म्हंजे...”

कागदावरच्या हाताशेजारी त्याचा हात होता. दोन्हींचं एकच बोट आत वळलेलं. माइकमधून फक्त पंख्याची घरघर येऊ लागली. अंजनाने तोंडावर पदर धरला. सलोमीने डोळे मिटले आणि वाट पाहिली, घरी पाहते तशी.

पण शांतवन हसला. अगदी मोकळेपणाने.

“आता घ्या!” त्याने आपला हात उंच करून सगळ्यांना दाखवला. “बिचारीले दुसऱ्याचा हात कुठून भेटनार? बसवलं अशीन मले पुढ्यात अन घेतला उतरून. मी म्हनलं आज मी साक्ष द्यायले आलो, त हिनं मलेच सैतान करून टाकलं!”

लोक हसले. आधी पुरुषांच्या बाजूला, मग इकडेही. मोठ्याने हसले, कारण सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं. पाळकसुद्धा हसले. अंजनाने पदर खाली घेतला. सलोमीने ते हसणं ऐकलं आणि तिला कळून चुकलं की आता काहीच उरलं नाही. दिसायचं ते सगळ्यांना दिसलं होतं आणि सगळ्यांनी ते हसून परत झाकलं होतं. आता फक्त घरी जायचं होतं. आज गीत किती वेळ वाजेल, याचाच ती हिशोब करू लागली.

“पाचवी चौकट,” शांतवन म्हणाला.

“पाचवी मी सांगतो.”

रुखमाबाई उठून उभी राहिली होती. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, पण उभी. पाळक हसतच म्हणाले, “या ना आजी, कुटुंबप्रमुखाची आई म्हणजे...”

“मले वाचता येत नाही,” रुखमाबाई म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. “लेकरं शिकवले, मी नाही शिकली. पन तुमी म्हनले ना साहेब, ज्यायले वाचता येत नाही त्यायनं पाहावं. मी पाह्यलं. सून चक्कीवर गेल्ती तवा दोन्ही सुरळ्या सोडून पाह्यल्या. लाल चिंधीत बकऱ्या होत्या. ह्याच्यात माहं घर होतं.”

हसणं थांबलं.

“पाचव्या चौकटीत बाई भुईवर पडली हाय. अन कोपऱ्यात पाहा, एक म्हातारी भिताडाकडे तोंड करून लसून सोलून राह्यली. हाय ना? ते मी हाय. पाठीवरून वयखलं मी मले. हे बाई पडली की मी तशीच बसतो. गानं लागलं की मी लसून घेतो. गानं बंद होईस्तोवर सोलतो. खानारे तीन मानसं अन लसून पाहा किती सोललेला राह्यते माह्या घरी.”

सलोमीने तिच्याकडे वर पाहिलं. सासूच्या पाठीचं चित्र तिने रागाने काढलं नव्हतं. पाहिलेलं होतं, म्हणून ते उतरलं.

“आई,” शांतवन म्हणाला. अगदी हळू आणि मऊ आवाजात. “खाली बस.”

सलोमीने तो आवाज ओळखला. दार लावण्याआधीचा आवाज तोच होता. आज तो पहिल्यांदाच सगळ्या गावाने ऐकला. पण बाकीच्यांना तो प्रेमळच वाटला असेल.

रुखमाबाई बसली नाही. “चुकून नाही देली मी ते सुरळी, साहेब. मुद्दाम देली. हिनं कोनाले दाखवली नसती. अन मले सांगता आलं नसतं. तो हात सैतानाचा नाही, माह्या पोराचा हाय. अन हसू नका आता कोनी.”

कुणी हसलं नाही. मारोतराव सतरंजीकडे बघत होता. पाळक दोन्ही हात अर्धवट वर करून उभे होते, आशीर्वाद द्यावा की कुणाला थांबवावं हे न कळल्यासारखे. चांगल्या शिबिरांतही हे शिकवत नसावेत. शेवटी हलली ती त्यांची बायको. ती बाजापेटीवरून उठली, चर्चच्या बाजूचं, त्यांच्या घरात उघडणारं दार तिने ढकललं आणि ते धरून उभी राहिली.

शांतवनने हात पँटच्या खिशात घातला. “घरी चाल सलोमी,” तो म्हणाला. “घरी बोलू.”

लग्न झाल्यापासून त्याने हाक मारली आणि ती उठली नाही, असं कधी झालं नव्हतं. आताही ती उठली. अंगाला सवय होती. ती त्याच्याकडे एक पाऊल गेलीसुद्धा. तेवढ्यात रुखमाबाईने तिचं मनगट पकडलं आणि बाजूच्या दाराकडे वळवलं. दोघी बायकांच्या मधून चालू लागल्या. बसलेल्या बायका पाय आवरून वाट देत होत्या, अंजनानेही पाय आवरला, पण वर कुणी पाहिलं नाही. मागे माइकजवळून तो पुन्हा म्हणाला, “आई.” फक्त एवढंच.

रुखमाबाईचा हात थरथरत होता. सलोमीला आधी वाटलं आपलाच थरथरतोय. मग लक्षात आलं की म्हातारीच्या बोटांपासून खांद्यापर्यंत थरकाप होता, आणि मनगटावरची पकड तिला ओढण्यासाठी नव्हतीच. म्हातारीच सलोमीला धरून चालत होती. इतकी वर्षं ही बाई भिंतीकडे तोंड करून बसली ती मुलाच्या मायेपोटी, असं सलोमी समजून चालली होती.

“आई,” तिने दाराशी पोचता पोचता विचारलं, “तुमाले बी भेव वाटते काय त्याचं?”

“लय वाटते,” रुखमाबाई म्हणाली. “माह्या पोटचा हाय तो, तरी वाटते. मले सोडू नको, पोरी.”